जुनी आउटबोर्ड एंजिने : दोषनिदान

लहान नौकेच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून शिकंज्यांनी अडकविता येणाऱ्या, आणि एंजिन, उभा चालक दंड, दंतचक्रपेटी व पंखा (मळसूत्री प्रचालक) हे सर्व भाग एकाच संचात सामावलेल्या यंत्राला आउटबोर्ड एंजिन म्हणतात. सबंध संचच डावीउजवीकडे वळविता येत असल्याने नौकेला वेगळे सुकाणू लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सु. 1960 पर्यंत बनलेली या प्रकारची पुष्कळ एंजिने, विशेषतः अमेरिकेत व ब्रिटनमध्ये, हौशी संग्राहकांनी जपून ठेवली असून त्यांपैकी बरीच आजही पाण्यावर चालविली जातात. रचना साधी व भाग दणकट असल्याने ही एंजिने सहसा एकाएकी निकामी होत नाहीत. ती चालतात, पण नीट चालत नाहीत. सुरू होण्यास अनेक हिसके लागणे, मंद गतीवर बंद पडणे, भार येताच शक्ती कमी होणे, काही मिनिटांनी आपोआप थांबणे ही त्यांची नेहमीची लक्षणे होत. यांतील प्रत्येक लक्षण तीनचार वेगवेगळ्या कारणांनी उद्‌भवू शकते. त्यामुळे अशा एंजिनाच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा निदान अवघड असते आणि चुकीच्या निदानाने चांगला भागही बिघडतो.

इतिहास : अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी 1905 च्या सुमारास या जातीचे एंजिन बनविले होते, तथापि व्यापारी दृष्ट्या पहिले मोठे यश नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड (1877–1934) यांना मिळाले. त्यांनी 1909 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे विक्रीस आणलेले एंजिन एकच सिलिंडर असलेले, सु. दीड अश्वशक्तीचे व सु. 28 किग्रॅ. वजनाचे होते. 1920 नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमाचा वापर वाढून समोरासमोर बसविलेल्या दोन सिलिंडरांची हलकी एंजिने आली. ब्रिटनमध्ये 1931 पासून सीगल एंजिने बनू लागली व त्यांचे उत्पादन 1996 पर्यंत चालले. 1949 मध्ये जॉन्सन कंपनीने दहा अश्वशक्तीच्या एंजिनाला पुढे, मोकळी व मागे अशा तीन स्थितींची दंतचक्रपेटी आणि नौकेत वेगळी ठेवावयाची इंधन टाकी जोडली. पुढील दशकातील जॉन्सन व एव्हिनरूड या दोन्ही नावांची एंजिने एकाच उद्योगसमूहाची असल्याने त्यांचे बरेच भाग समान आहेत. या समूहाचे 2000 मध्ये दिवाळे निघाले आणि नव्या मालकांनी 2020 मध्ये एव्हिनरूड एंजिनांचे उत्पादन थांबविले. तरीही प्रज्वलन यंत्रणेचे सुटे भाग इतर उत्पादकांकडून मिळत राहिल्याने ही एंजिने अद्याप दुरुस्त करता येतात. पुढील विवेचनात मुख्यतः याच काळातील दोन सिलिंडरांची एंजिने गृहीत धरली आहेत.

रचनेचा दोषांशी संबंध : ही एंजिने दोन धावांची असतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाची पेटी केवळ तेल साठविण्याचे काम करते, तर येथे ती पंप असते. दट्ट्या सिलिंडरात वर जाताना पेटीतील दाब कमी होतो व कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण लवचिक पोलादी पात्यांच्या झडपेतून आत ओढले जाते. दट्ट्या खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गाने सिलिंडरात ढकलले जाते. म्हणजे पेटीला कोठेही गळती असली, तर कार्ब्युरेटर निर्दोष असूनही मिश्रण बिघडते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. एंजिनाच्या धारव्यांना व दट्ट्याला मिळणारे सर्व वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच येते. त्यामुळे इंधनाचा पुरवठा घटला की वंगणाचाही घटतो. मोटारीचे एंजिन विरळ मिश्रणावर नुसते कुरकुरते. दोन धावांचे एंजिन मात्र विरळ मिश्रणावर काही काळ नेहमीपेक्षा जोमाने, स्वच्छ आवाजात धावते, तापते आणि दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो. अशा एंजिनाचा अचानक सुधारलेला आवाज हे शुभचिन्ह मानू नये.

तेलाचे प्रमाण एंजिनाच्या धारव्यांवर अवलंबून असते. काशाचे साधे धारवे असलेल्या जुन्या सीगल एंजिनांना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे. 1950 नंतरच्या दशकातील, सुईसारख्या बारीक रुळांचे धारवे असलेल्या अमेरिकन एंजिनांपैकी अनेकांना 24 भागांस एक भाग पुरे होई आणि 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या एंजिनांना 50 भागांस एक भाग हे प्रमाण चालू लागले. आजचे तेल अधिक चांगले आहे या समजुतीने जुन्या एंजिनात नवे प्रमाण वापरण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा. तेल सुधारले तरी धारवे जुनेच असतात.

तपासणीचा क्रम : एंजिन बिघडले की बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या सुईकडे जातो. ही सवय वाईट होय. सुई फिरविल्याने मूळ स्थिती हरवते आणि एका दोषाचे दोन दोष होतात. आधी संपीडन, मग ठिणगी, त्यानंतर इंधन व शेवटी भार हा क्रम ठेवल्यास प्रत्येक पायरीवर एक शक्यता कायमची मिटते. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. सुई फिरविणे अटळ झाल्यास ती हलकेच टेकेपर्यंत बंद करून किती फेरे लागले ते आधी लिहून ठेवावे.

संपीडन मोजण्यास दाबमापक उत्तम. तो नसल्यास एक ठिणगी गुडदी, म्हणजेच स्पार्क प्लग, काढून हाताने प्रचक्र फिरविले असता उरलेल्या सिलिंडराचा उसळता विरोध जाणवतो. मापनाच्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. या काळातील एंजिनांत संपीडनाचा दाब आजच्या मानाने कमी असतो, दर चौ. सेंमी.ला 4 ते 7 किग्रॅ. एवढा दाब अनेकदा पुरेसा ठरतो. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतील फरक महत्त्वाचा असून तो दहा टक्क्यांहून फार अधिक असू नये. एका सिलिंडरात दाब फारच कमी आढळल्यास डोक्याचे गॅस्केट फुटले आहे किंवा दट्ट्याच्या कड्या काजळीने खाचांत चिकटल्या आहेत, असे समजावे. चिकटलेल्या कड्या कधी कधी काजळी विरघळविणाऱ्या द्रवाने मोकळ्या होतात. सिलिंडर ओरखडले असल्यास मात्र पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होय.

प्रज्वलन : ठिणगी निर्माण करणारे चुंबक-जनित्र (मॅग्नेटो) प्रचक्राखाली बसविलेले असते. प्रचक्राच्या कडेतील चुंबक फिरताना वेटोळ्यात विद्युत्‌ प्रवाह निर्माण करतात. स्पर्शक (गॅरेजमधील ‘पॉइंट’) उघडताच तो खंडित होऊन दुय्यम वेटोळ्यात उच्च दाब निर्माण होतो. ठिणगी तपासताना दोन्ही गुडद्या काढून एंजिनाच्या धातूपासून सु. 6 मिमी. अंतरावर तारेचे टोक धरणारा परीक्षक वापरावा व दोरी ओढावी. निळसर, टचकन आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळसर, बारीक ठिणगी मोकळ्या हवेत दिसली तरी संपीडित वायूत टिकत नाही. गुडदीच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असल्याने ही ठिणगी त्या छिद्रांपासून दूर पाडणे अगत्याचे आहे.

वर्षानुवर्षे न वापरलेल्या एंजिनात स्पर्शकांवर ऑक्साइडाचा थर साचलेला असतो. तो बारीक घासकागदाने काढून नंतर स्पिरिटमध्ये भिजविलेली कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी स्पर्शकांमधून ओढावी. घासकागदाचा कण किंवा बोटाचे तेल राहिले तरी ठिणगी पडत नाही. स्पर्शकांतील कमाल अंतर या एंजिनांत सामान्यतः 0.5 मिमी. असते. स्पर्शकाचा घासणारा ठोकळा झिजला की हे अंतर कमी होते, स्पर्शक उशिरा उघडतात व ठिणगी मागे पडते. प्रचक्र बसविणारी लहान चावी अर्धवट कातरली गेल्यासही ठिणगीची वेळ बदलते आणि एंजिन दोरीला उलटा झटका देऊ लागते. प्रचक्र हातोडीने ठोकून काढण्याची पद्धत घातक असून त्यासाठी ओढयंत्रच वापरावे.

याच काळातील जॉन्सन व एव्हिनरूड एंजिनांच्या वेटोळ्यांवरील कठीण आवरण कालांतराने तडकते. तडेतून उच्च दाब वाटेतच धातूकडे निसटतो. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की, तडा दिसताच चाचणी न करता वेटोळे बदलणे शहाणपणाचे ठरते. नवे वेटोळे बसविताना त्याच्या गाभ्याची टोके आधारपट्टीवरील तासलेल्या कडांशी समपातळीत आणावी. पुढे राहिल्यास ती प्रचक्राला घासतात, मागे राहिल्यास ठिणगी दुबळी होते.

एक सिलिंडर बंद असणे : ‘एंजिन नीट चालत नाही’ या तक्रारीमागे दोनांपैकी एकच सिलिंडर काम करीत असल्याचे फार वेळा आढळते. असे एंजिन मोकळ्या स्थितीत बऱ्यापैकी गुळगुळीत फिरते आणि त्यामुळेच फसगत होते; पंखा जोडताच ते कोसळते, कारण चालू सिलिंडराला बंद सिलिंडराचे ओझेही वाहावे लागते. निदानासाठी एंजिन मंद गतीवर चालू असताना एकेका गुडदीची तार काढून ती धातूस टेकवावी. ज्या सिलिंडराची तार काढल्याने गतीत फरक पडत नाही, ते मृत समजावे. विजेचा धक्का बसू नये म्हणून तार कोरड्या, विद्युत्‌ रोधक चिमट्याने धरावी; ती अधांतरी सोडू नये, कारण मोकळ्या टोकामुळे उच्च दाब वेटोळ्याचे आवरण फोडून मार्ग शोधतो.

मृत सिलिंडराची गुडदी ओली निघाली तर ठिणगी नाही, कोरडी निघाली तर इंधन पोहोचत नाही, असे ढोबळ मानाने म्हणता येते. दोन गुडद्या आपापसांत बदलाव्या. दोष दुसरीकडे गेला तर तो गुडदीचाच होता. उभ्या रचनेच्या, आळीपाळीने ठिणगी पडणाऱ्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडराला वेगळे वेटोळे, वेगळे स्पर्शक व वेगळे धारित्र असते. त्यामुळे चांगल्या बाजूचा भाग बिघडलेल्या बाजूस लावून पाहण्याची सोय निर्मात्यानेच ठेवलेली आहे असे म्हणण्यास हरकत नाही. समोरासमोर सिलिंडर असलेल्या 1920–40 च्या काळातील अनेक एंजिनांत मात्र दोन्ही सिलिंडरांत एकाच वेळी ठिणगी पडते व एकाच वेटोळ्याची दोन टोके दोन गुडद्यांना जोडलेली असतात. तेथे एका गुडदीची तार मोकळी सोडली तर दुसरीचीही ठिणगी जाते. हे ठाऊक नसल्यास चांगले वेटोळे निकामी ठरविले जाते.

इंधन : फार दिवस पडून राहिलेल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात व चिकट, रोगणासारखा थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म मार्गांत साचतो. मंद गतीचे मार्ग सर्वांत अरुंद असल्याने ते आधी बुजतात. म्हणून पूर्ण वेगात ठीक चालणारे व मंद गतीवर बंद पडणारे एंजिन बहुधा कार्ब्युरेटर साफ करण्याची मागणी करीत असते. अशा वेळी मिश्रण विरळ होऊन कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंक यावी तसा आवाज येतो. चोक थोडा ओढल्यावर एंजिन सुधारले तर मिश्रण विरळ आहे हे निश्चित. अधिक बिघडले तर ते समृद्ध आहे किंवा दोष ठिणगीचा आहे.

जुन्या कार्ब्युरेटरांत बुचाचा तरंगक असतो. त्यावरील लाखेचे रोगण अल्कोहॉलमध्ये विरघळते, ही बाब आज विशेष महत्त्वाची झाली आहे. कारण पेट्रोलमध्ये एथॅनॉल मिसळण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे. अमेरिकेत दहा टक्के मिश्रण सर्रास मिळते आणि भारतातही हे प्रमाण 2025 पर्यंत वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. रोगण गेलेले बूच पेट्रोल शोषून जड होते, तरंगत नाही, सुई-झडप उघडीच राहते व कार्ब्युरेटर ओसंडू लागतो. यावर उपाय म्हणजे एथॅनॉलाला न जुमानणारे आधुनिक रोगण किंवा नव्या पदार्थाचा तरंगक. जुन्या रबरी नळ्याही एथॅनॉलाने मऊ पडून आतून सुटतात आणि त्यांचे कण गाळणीत अडकतात.

सु. 1949 ते 1959 या काळातील वेगळ्या टाक्यांना पंप नसे. भुजापेटीतील दाब एका नळीने टाकीत नेला जाई व त्या दाबाने इंधन दुसऱ्या नळीने एंजिनाकडे ढकलले जाई. झाकणाचे गॅस्केट किंवा जोडणीतील रबरी कडी गळू लागली की दाब टिकत नाही. याहून वाईट म्हणजे पेट्रोलने भरलेली, दाबाखालील टाकी प्रवाशांच्या पायांशी असते आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोलची चिळकांडी उडू शकते. त्यामुळे नियमित वापरावयाच्या एंजिनाला पडद्याचा पंप बसवून एका नळीच्या टाकीवर आणणे अधिक सुरक्षित होय, मग मूळ स्वरूप जपणाऱ्या संग्राहकांस ते रुचो वा न रुचो.

भुजापेटीची गळती : कार्ब्युरेटर स्वच्छ, ठिणगी चांगली, संपीडन पुरेसे आणि तरीही मंद गतीवर एंजिन स्थिर राहत नाही, अशा वेळी पेटीकडे वळावे. भुजादंडाच्या वरच्या टोकाचे सील झिजले तर हवा आत शिरून मिश्रण विरळ होते. खालचे झिजले तर निष्कास वायू किंवा पाणी आत येते. झडपेचे एखादे पाते तुटले वा वाकले असल्यास ओढलेले मिश्रण उलटे फेकले जाऊन कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचे धुके दिसते. या दोषांसाठी एंजिन बरेच उकलावे लागते. म्हणून सोपी कारणे संपल्यावरच त्यांचा विचार करावा.

काही मिनिटांनी थांबणारे एंजिन : हे लक्षण सर्वांत फसवे असून किनाऱ्यापासून दूर ते प्रकट होत असल्याने धोक्याचेही आहे. याची तीन मुख्य कारणे संभवतात. पहिले, इंधन पुरवठा तुटणे : एंजिनावरील टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बंद राहिले किंवा दाबाच्या टाकीतील दाब गेला, तर कार्ब्युरेटरमध्ये साठलेले इंधन संपेपर्यंत एंजिन चालते. दुसरे, वेटोळे तापल्यावर त्याचे विद्युत्‌ रोधन ढासळणे. थंड झाल्यावर ते पुन्हा काम देते व किनाऱ्यावरील तपासणीत निर्दोष ठरते. तिसरे, शीतन बिघडून दट्ट्या घट्ट होणे.

ही कारणे वेगळी ओळखण्यासाठी थांबण्याची रीत पाहावी. इंधन तुटलेले एंजिन थांबण्यापूर्वी अनेकदा क्षणभर वेग घेते, मग धाप लागल्यासारखे वरखाली होऊन मरते. दाबाच्या टाकीवरील कळ दाबून इंधन पुढे ढकलताच ते सावरले तर निदान पूर्ण झाले. ठिणगी गेलेले एंजिन खटका बंद करावा तसे तुटकपणे थांबते. या वेळी ते थंड होण्यापूर्वीच ठिणगी तपासली पाहिजे. अर्ध्या तासाने केलेली तपासणी निरुपयोगी असते. तापलेले एंजिन मात्र हळूहळू जड होते आणि थांबल्यावर दोरी ओढण्यास कठीण लागते. असे आढळल्यास ते जबरीने फिरवू नये. पूर्ण थंड होऊ द्यावे.

शीतन : चालक दंडावर बसविलेल्या पंपातील रबरी पात्यांचे चक्र तळ्याचे वा समुद्राचे पाणी वर खेचते. न वापरता पडून राहिल्यास रबर कडक होऊन पाती वाकलेल्या स्थितीतच राहतात. पाण्यावाचून एंजिन काही सेकंद चालविले तरी ही पाती जळतात. म्हणून किनाऱ्यावर चाचणी घेताना खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवावा. पाणी फिरत असल्याचे दाखविणारी बारीक धार 1950 नंतरच्या दशकातील अनेक एंजिनांना नसते. त्यांत मागील छिद्रांतून वायूबरोबर पाण्याचे तुषार येतात की नाही ते पाहावे. सिलिंडराच्या डोक्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला तर एंजिन ताबडतोब बंद करावे. खाऱ्या पाण्यात वापरलेले एंजिन प्रत्येक वेळी गोड्या पाण्यावर चालवून धुतले नाही, तर मार्गांत क्षार साचून नवा पंपही उपयोगी पडत नाही.

पंखा व भार : एंजिन वेगाने फिरते पण नौका पुढे जात नाही, तेव्हा दोष बहुधा एंजिनाचा नसतो. पंख्याची सुरक्षा पिन कातरली असेल किंवा पंख्याच्या मध्यावरील रबरी तुंबा सुटला असेल. पंख्याच्या वरची आडवी पट्टी सर्वसाधारणपणे नौकेच्या तळाशी समपातळीत असावी. एंजिन फार उंच बसले तर पंखा पृष्ठभागावरील हवा ओढून निसटतो. उलट, फार मोठा किंवा वाकलेला पंखा एंजिनाला पूर्ण गती घेऊ देत नाही आणि हा दोष अशक्तपणासारखा भासतो. पिंपातील चाचणीत भार खरा नसतो. तेथे उत्तम चाललेले एंजिन नौकेवर अडखळू शकते. त्यामुळे अंतिम चाचणी पाण्यावरच, पण किनाऱ्याजवळ, वल्ही व तरंगजाकिटे बरोबर घेऊन करावी. दंतचक्रपेटीतील तेल दुधाळ दिसल्यास तिच्यात पाणी शिरले आहे. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी ते न काढल्यास गोठून पेटी तडकते.